साडूंचं ओसाका

ओसाका हे शहर जपानी लोकांनी वसवलं, हा निव्वळ गैरसमज आहे. ते आमच्या थोरल्या साडूंचं आहे. सध्या साडू आमच्यासारखेच कॅनडात, सस्काटूनला राहतात, म्हणून जपानी लोक ते तात्पुरतं सांभाळताहेत, इतकंच. तरुणपणी एका पंपांच्या कंपनीसाठी साडू काही वर्षं तिथे होते. पुढे इथल्या पोटॅशच्या खाणीत नोकरी लागली, घर झालं, मुलगी मोठी झाली, टक्कल पडलं. पण 'आमच्या ओसाकाला' हे शब्द काही तोंडातून गेले नाहीत. उणे तीसमध्ये आम्ही दोघं त्यांचा ड्राइव्हवे शोव्हल करत असतो, माझं नाक जागेवर आहे की गळून पडलं याचा मला पत्ता नसतो, आणि हे गृहस्थ फावड्यावर हनुवटी टेकून सांगतात की ओसाकाचा बर्फ कसा सभ्य असतो, चहा पिऊन निघून जातो. त्यांची मुलगी तर "बाबा, नोबडी आस्क्ड," म्हणून सरळ बेसमेंटमध्ये निघून जाते. मला तशी सोय नाही.

बरं, आवडत्या जागा म्हणाव्यात तर त्यात किल्ला नाही. "ज्या किल्ल्यात लिफ्ट आहे, तो कसला किल्ला," असं म्हणून साडूंमधला मराठी माणूस तो एका वाक्यात निकालात काढतो. त्यांच्या जागा निराळ्या. एक छप्पर घातलेली लांबच लांब बाजारपेठ, जी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून त्यांनी फक्त कंगवा आणला, तोही डोक्यावर केस असताना. एक अंधारी कॉफीची खोली, जिचा मालक कुणाशी अक्षर बोलत नसे, आणि हाच म्हणे त्याचा मोठा गुण. स्वतः साडूंनी हा गुण का उचलला नाही, हे विचारायचं राहून गेलंय. आणि सगळ्यांत लाडकं ते सार्वजनिक स्नानगृह. त्याचं वर्णन त्यांनी आमच्याकडच्या सत्यनारायणाला, दोन अध्यायांच्या मध्ये केलं. "सगळे नागडे, पण काय ती शिस्त," हे वाक्य ऐकून गुरुजींचा शंखाकडे गेलेला हात तसाच राहिला. शेवटी आमच्या हिने जोरजोरात घंटा वाजवायला घेतली.

सस्काटूनलाही नदी आहे आणि नदीवर पूल आहेत, ही देवाने साडूंची केलेली खास सोय. भारतातून कुणी आलं की ते त्याला गाडीत घालतात, प्रत्येक पुलापाशी थांबवतात आणि ओसाकाचा कुठला पूल असाच होता ते सांगतात. माझा एक चुलतभाऊ परत ठाण्याला गेला तो जपान बघून आल्यासारखा. रविवारी हेच साडू ताईंचं आप्पेपात्र ताब्यात घेऊन तिथले ते ऑक्टोपसचे गोळे करतात. ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती आणि आमच्या हिची मोठी बहीण, घरात ऑक्टोपस येऊ देत नाहीत. मग पनीर घालायचं. "ऑक्टोपस सोडला तर अगदी तीच चव," असं म्हणून ते आपल्याला आणखी चार वाढतात.

यंदा साडू रिटायर झाले आणि आमच्याकडे जेवताना त्यांनी जाहीर केलं की ओसाकाची दोन तिकिटं काढली आहेत, आता ते ताईंना त्यांच्या सगळ्या जागा दाखवणार. ताई वरण वाढत होत्या. "तुम्ही जाऊन या," त्या म्हणाल्या, "मी येणार नाही."

साडूंना थट्टा वाटली. ताईंनी वाटी खाली ठेवली.

"अहो, त्या शहरात मीही राहिले की. तुमच्या एका तरी जागेवर मी होते का?"

मग त्या शांतपणे सांगत गेल्या. साडू रात्री उशिरापर्यंत ऑफिसच्या मंडळींबरोबर. त्या एकट्या एका खोलीत, पोटात मूल, भाषेचा गंध नाही. कोपऱ्यावर नाणी टाकून कपडे धुवायची लॉन्ड्री होती. धुवायला काही नसलं तरी त्या तिथे जाऊन बसत, कारण आत ऊब होती आणि माणसं होती. एक म्हातारी त्यांना टॉवेलची घडी घालायला शिकवायची. त्यांचं ओसाका तेवढंच. माझ्याकडे एरवी विनोद तयार असतात, पण त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

त्यानंतर कितीतरी दिवस साडूंनी ओसाकाचं नाव काढलं नाही. पुलावरून गाडी नेतानाही गप्प. वर्षानुवर्षं ज्याला वैतागलो, ते ऐकू येईना तर आम्हालाच करमेना. हिने तर त्यांना डॉक्टरला दाखवायचं का म्हणून विचारलं. शेवटी साडू स्वतःच ताईंना म्हणाले, की तुझं ओसाका दाखव, माझं राहू दे. ताईंनी चार दिवस विचार केला आणि बॅग भरली.

परवा मी ग्रोसरी घेऊन गाडीत बसतोय तोच ओसाकाहून फोन. मी विचारलं, आज कुठली मोहीम? साडू अगदी हळू आवाजात बोलत होते.

"लॉन्ड्रीत बसलोय. आहे अजून. आमच्या दारापासून चार पावलं रे, मी रोज इथूनच जायचो. ही हॉटेलचे टॉवेल घेऊन आलीय धुवायला. स्वच्छच आहेत, पण म्हटलं धू."

मागे मशीन घरघरत होतं. मला वाटलं, आता स्नानगृहाची गोष्ट येणार. आली असती तर मी आनंदाने पुन्हा ऐकली असती.

"इथे एक बाक आहे," साडू म्हणाले. "दोन माणसांचा. ही म्हणते, तेव्हाही दोन माणसांचाच होता."