ट्रॅक्टरकाकीची झोप

ट्रॅक्टरकाकीला ट्रॅक्टर चालवता येत नव्हता. ती त्यावर कधी बसलीसुद्धा नाही. "माका थंय वर चक्कर येता" म्हणायची. तरी आमची सगळी वाडी तिला ट्रॅक्टरकाकीच म्हणायची. तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि बहुधा तिथंच राहिलं. ती गेल्यावर दाखल्यावर काय लिहायचं म्हणून कोणीतरी विचारलं, तेव्हा आम्ही शेजारणी एकमेकींची तोंडं बघत बसलो. थंडीच्या दिवसांत तो ट्रॅक्टर जागा करायचं काम तिचं होतं, म्हणून हे नाव.

आता तोंडवलीची थंडी ती काय, असं घाटावरची माणसं म्हणतात. म्हणू देत. आम्हाला ती पुरते, आणि काकांच्या ट्रॅक्टरला तर पुरून उरायची. काका म्हणजे तिचा नवरा. रात्री मासेमारीला गेलेल्या होड्या उजाडताना परत येतात, त्या लाटांतून वर रेतीत ओढून घ्यायचं काम काकांचं. दिवसा मग फिरायला आलेल्यांच्या गाड्या रेतीत रुतत, त्याही तेच काढत. ट्रॅक्टर जुना, आतून झिजलेला. उन्हाळ्यात बरा चालायचा, पण दिवाळी सरली, दव पडू लागलं की पहाटे तो नुसता घरघरायचा आणि गप्प व्हायचा. थंड इंजिनात डिझेल पेट घेत नाही म्हणे. मग काका संध्याकाळीच त्याचं पाणी सोडून ठेवत आणि पहाटे काकी चुलीवर हंडा तापवून ते कढत पाणी त्याच्या रेडिएटरमध्ये ओतायची. एक हंडा झाला की दुसरा. मग तो खोकत खोकत सुरू व्हायचा.

हंडा गॅसच्या शेगडीवर नीट बसत नसे, आणि पाण्यात सोडायच्या रॉडनं तिला एकदा असा झटका दिला होता की त्या रॉडची सावलीही तिला नको. म्हणून चूल. जाळायला नारळाची सोडणं, तीही दवानं दमट झालेली, धूर म्हणजे विचारू नका. मी ओरोसला कचेरीत नोकरीला, पहिली एसटी पकडायची, मध्ये गाडी बदलायची, म्हणून मीही त्याच वेळी उठलेली. माझ्या खिडकीतून तिच्या स्वयंपाकघरातला उजेड दिसायचा आणि मनात यायचं, चला, जगात आणखी एक बाई जागी आहे. डबा भरून जाताजाता मी तिच्याकडे कोरा चहा घ्यायची. दोघी उभ्याउभ्याच प्यायचो. बसलो तर उठणार नाही, याची दोघींनाही खात्री होती.

तोंडानं ती फटकळ होती. "घोवान सवत आणल्यान, आणि तिच्या न्हाणयेचा पाणी माका तापवचा लागता," असं ती काकांच्या देखत म्हणायची. काका हूं की चूं करत नसत. ते मुळातच कमी बोलायचे. सवत म्हणायची खरी, पण एकदा वाडीतल्या एका पोरानं ट्रॅक्टर सुरू होईना म्हणून हवेच्या नळीशी पेटतं फडकं धरलं, तेव्हा काकी हातातलं फुंकायचं नळकांडं घेऊन त्याच्या अंगावर धावली होती. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात कोणी निखारा घालतं काय, असं तिचं म्हणणं. त्यानंतर कोणी तो उपाय सुचवला नाही.

पण थकली होती हो ती. लग्न होऊन आली ती सासऱ्याच्या चहासाठी पहाटे उठायची, मग मुलींच्या शाळेसाठी, मुली लग्न होऊन मुंबईला गेल्या तर हा ट्रॅक्टर. दुपारी आडवी व्हायला जायची तर मासळी सुकत घातलेली, कावळे राखायला कोण? एकदा चहा पिताना मी म्हटलं, काकी, तुला काय हवं ते सांग, पुढच्या वेळी ओरोसहून आणते. साडी, चप्पल, काही. ती चुलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माका एकदा ऊन अंगार येयसर निजाचा आसा, गो बाय. बाकी काय नको." अंगावर ऊन येईपर्यंत झोपायचं. एवढंच मागणं, आणि तेही ओरोसच्या बाजारात मिळण्यासारखं नव्हतं.

पुढं तिला दम लागायला लागला. हंडा उचलला की भिंतीला टेकायची. मी एक दिवस रजा टाकून तिला ओरोसच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पहाटेचा सगळा कारभार विचारून घेतला आणि स्पष्ट सांगितलं, की धूर बंद आणि झोप पुरी, नाहीतर हे असंच वाढत जाईल. काकी म्हणाली, गोळी द्या, झोपेचं काय ते माझं मी बघीन. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून ती कसालपर्यंत झोपली. तिथं गाडी बदलायला तिला उठवताना मला कसंतरीच झालं. घरी आल्यावर मी डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं काकांना शब्दाशब्दानं सांगितलं, वर माझ्या पदरचेही चार शब्द सुनावले. काका उठून ट्रॅक्टरपाशी गेले आणि उगाच त्याच्या चाकावर हात फिरवत राहिले. मला रागच आला त्यांचा.

पण माणूस आतून हलला होता. थोड्याच दिवसांत किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात पाहुण्यांची गाडी काढायला ते गेले असताना लाइट गेली, आणि हॉटेलचा जनरेटर भर थंडीत एका झटक्यात सुरू झाला. काकांनी तिथल्या माणसाला विचारलं, हे कसं? त्यानं दाखवलं, इंजिनाच्या पोटात पाणी गरम ठेवणारा हीटर बसवलेला असतो. काका दुसऱ्या दिवशी कसालला जाऊन मेस्त्रीला हीटरसकट घेऊनच आले.

तो दिवस वाडीला सणासारखा झाला. काम करणारा एक, बघणारे पंधरा. इंजिनाच्या कुशीत पत्र्याची एक गोल डबी ठोकून बसवलेली असते, ती काढायची आणि तिच्या जागी हीटर बसवायचा, एवढंच काम. पण खाऱ्या हवेनं ती डबी अशी गंजली होती की मेस्त्री छिन्नी मारून मारून घामाघूम झाला. ट्रॅक्टरला आता कानटोपी घाला, मफलर घाला, असे सल्ले चालले होते. अखेर डबी निघाली, हीटर बसला, पडवीतल्या बोर्डापर्यंत वायर आली. झोपताना बटण चालू करायचं, पाणी तापलं की तो आपोआप बंद होतो, थंड झालं की आपोआप चालू, असं मेस्त्रीनं काकीला समजावून सांगितलं. बोर्डावर लाइट असल्याचा लाल दिवा लागला. काही वेळानं काकीनं बिचकत बिचकत इंजिनाला तळवा लावला, लहान मुलाच्या कपाळाला लावावा तसा. "गो, तेका ताप इलो," ती म्हणाली आणि सगळे हसले. दुसऱ्या पहाटे ट्रॅक्टर पहिल्याच फेऱ्यात सुरू झाला. मला वाटलं, सुटली बाई एकदाची.

कुठली सुटते! पुढचे कितीतरी दिवस मी एसटीला जाताना बघते तर चूल थंड, धूर नाही, आणि काकी पडवीत अंधारात शाल गुंडाळून बसलेली. मी विचारलं, आता का उठलीस? तर म्हणे लाल दिवा बघते. लाइट गेली तर? लाइट गेली तर हीटर बंद, इंजिन थंड, आणि तिकडे होड्या लाटांत आपटत राहणार. तेव्हा चूल पेटवायला कोणीतरी जागं हवंच. आमच्याकडची लाइट कशी आहे ते मी वेगळं सांगायला नको. त्या महिन्यात ती एकदा गेलीही, आणि काकीनं विजयी मुद्रेनं हंडा चढवला. आधी निदान पाणी तापवायला उठायची. आता पाणी तापवावं लागतं का हे बघायला उठू लागली. मी कपाळाला हात लावला.

त्या संध्याकाळी एसटीतून उतरले ती तडक काकांकडे. म्हटलं, तुम्ही इंजिनाला हीटर बसवलात, पण तिची झोप काही बसली नाही. ती रोज पहाटे तुमच्या लाल दिव्यासमोर बसलेली असते, तुम्हाला ठाऊक तरी आहे का? त्यांना ठाऊक नव्हतं. काका झोपले की कुंभकर्ण, ट्रॅक्टरपाशी जायची वेळ झाली की काकीच त्यांना उठवायची. पण जेवण झाल्यावर त्यांनी आपलं अंथरूण उचललं आणि पडवीत बोर्डाखाली टाकलं. काकी म्हणाली, हे काय? तर म्हणाले, "आजपासून दिव्याची राखण माझी. तू आत नीज."

तिचा काडीचा विश्वास बसला नाही. पहिले काही दिवस ती उठून दारातून डोकवायची, काका जागे आहेत का बघायला. ते जागे असायचे. गुडघ्यांभोवती हात घालून, लाल दिव्याकडे बघत. कधीतरी दोघंही जागे आणि दोघंही एकमेकांना आत जा म्हणतायत, असंही मी पाहिलं. मग ती डोकवायची कमी झाली.

आणि एक पहाट आली, मी डबा घेऊन निघाले आणि पाहिलं, तर काका पायरीवर बसलेले. लाल दिवा चालू. इंजिन तापलेलं असणार, नुसती चावी फिरवायची बाकी. पण काका हलेनात. उजाडायला आलं होतं, होड्या येऊन लागल्याचा आवाज किनाऱ्यावरून येत होता. मी विचारणार, तेवढ्यात होडीवरचे चौघे-पाच जण तरातरा वर आले, चिडलेले. काकांनी बोट ओठांवर ठेवलं. आज ट्रॅक्टर चालू होणार नाही, म्हणाले. त्यातल्या एकानं विचारलं, हीटर जळला काय?

"नाय," काका म्हणाले. "ती निजलीहा."

ट्रॅक्टर उभा होता तो तिच्या खिडकीखालीच. चालू झाला असता तर सगळी वाडी दणाणली असती. माणसं मागे वळली आणि खाली जाऊन त्यांनी होड्या खांदे लावून, हातांनी वर ओढल्या. एरवी होडी ओढताना केवढा गजर होतो. त्या दिवशी सगळे दात आवळून ओढत होते. काम झालं तसे एकेक जण अंगणात येऊन बसले. शेजारणी आल्या. कोणी बोलत नव्हतं. माझी एसटी गेली, पुढचीही गेली, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. दुसऱ्याची झोप राखत बसण्यात एवढं सुख असतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

ऊन माडांवरून उतरलं, दारापुढच्या खळ्यात आलं, मग खिडकीतून आत गेलं. बऱ्याच वेळानं कडी वाजली. काकी दारात आली, केस सुटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. तिनं डोळ्यांवर हात धरून आधी सूर्याकडे बघितलं. मग अंगणभर गप्प बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम उतरला.

"कोण गेला गो?" तिनं हळूच मला विचारलं.

काका पायरीवरून उठले, आपले आखडलेले गुडघे त्यांनी चोळले.

"कोण नाय," ते म्हणाले. "तू तोंड धू. आज च्या मी करतंय."