डब्याचा खालचा कप्पा

स्टीलच्या डब्याची कडी काढताना खट् असा आवाज होतो ना, तो कानावर पडला की हडपसरची ती केस अजून माझ्यासमोर येऊन बसते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. ते विसरले असं नाही, पण जेवायला बसताना ते काही आठवत नाहीत. ही आठवते.

मी शिपाई म्हणून भरती झाले आणि खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाले. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. त्यामुळे लिहितेही बोलल्यासारखंच, सांभाळून घ्या. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही.

ते दिवस हडपसर बदलण्याचे होते. उसाच्या शेतात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं-पोरी बसमधून उतरत होती. त्या काचांच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या शेड होत्या, त्यांच्याकडे कोणी बघत नसे. अशाच एका शेडमध्ये बायका प्रेस मशीनवर विजेच्या स्विचमध्ये बसणारे पितळेचे तुकडे कापायच्या.

दसरा नुकताच होऊन गेला होता. दुपारी चौकीत फोन वाजला. बाईचा आवाज. म्हणाली, "आज शिफ्ट सुटताना वऱ्हाडणीचा डबा बघा. पितळ नेती ती." आणि फोन ठेवला. कंपनीत कळवलं, तर त्यांचा माणूस म्हणाला, आमच्याही कानावर आलंय, बोलावणारच होतो. बाईची झडती बाईनेच घ्यायची असा नियम, म्हणून साहेबांनी मला पाठवलं.

गेटवर तिला बाजूला घेतलं. अमरावतीकडची, तिशीची, सडपातळ. नवरा एका सोसायटीत वॉचमन. पंचांसमोर तिची पिशवी उघडली. तीन कप्प्यांचा डबा होता. वरचे दोन कप्पे खाऊन रिकामे झालेले. खालचा उघडला, तर आत कापडात गुंडाळलेले पितळेचे तुकडे! तिने ते पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. इतकंच म्हणाली, "हा कप्पा तं मी उघडतच नाही जी."

पंचनामा केला, तुकडे पाकिटात घालून लाखेचं सील मारलं, डबाही मुद्देमालात घेतला. सील मारताना एक गोष्ट नजरेला पडली होती. तुकड्यांच्या बारीक भोकांत पिवळं काहीतरी बसलं होतं. म्हटलं, जेवणाचा डबा, वरणाची हळद असेल. नोकराने केलेल्या चोरीचं कलम लागलं, अटक झाली, दुसऱ्या दिवशी कोर्टाने जामीन दिला.

चौकशीत ती फार बोलेना. माझा अनुभव असा, की चोरी करणारा माणूस उत्तर तयार ठेवतो. हिच्याकडे काहीच तयार नव्हतं. मी विचारलं, "कोणाशी वैर आहे का?"

"वैर नाही जी. माझ्यासंगं कोणी बोलतच नाही, तं वैर कसं होईल?"

"का बोलत नाही?"

"मी खरं बोलली म्हणून."

मग तिने सांगितलं. त्या प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे दोन्ही हात आपोआप बाहेर राहतात. पण असं केलं की काम हळू होतं. म्हणून एका बटणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा करकचून बांधायचा, बटण दाबलेलंच राहतं. मग एक हात बटणावर आणि दुसरा प्रेसखाली, माल भराभर निघतो. साहेब लोक बघून न बघितल्यासारखं करायचे. ट्यूब बांधायच्या त्या बायकाच, स्वतःच्या हाताने.

पावसाळ्यात मांजरी गावाहून येणाऱ्या एका बाईची दोन बोटं प्रेसखाली गेली. तिला सगळ्या ताई म्हणायच्या. कंपनीने सगळ्यांकडून लिहून घेतलं, की मशीन व्यवस्थित होतं, ताईंचाच हात चुकला. सगळ्यांनी सह्या केल्या. ताईनेही, डाव्या हाताने अंगठा देऊन. वऱ्हाडणीने केली नाही. कारखाने निरीक्षक आले तेव्हा तिने त्यांना ट्यूब दाखवली. काही दिवस प्रेस बंद राहिल्या, आणि काम दुसऱ्या कारखान्याला जाणार अशी आवई उठली.

आता ही बाई चोर ठरली तर काय होणार, ते कळायला फौजदार असावं लागत नाही. परिसरातल्या कुठल्याच शेडमध्ये तिला काम मिळणार नव्हतं. घरमालकाने खोली सोडायला सांगितलंच होतं. आणि निरीक्षकापुढची तिची साक्ष चोराची साक्ष झाली असती. ट्यूब पुन्हा बांधायला सगळे मोकळे.

मी साहेबांना म्हटलं, मला कारखान्यात जाऊन बघायचंय. साहेब अस्सल पेठेतले. म्हणाले, "बाई, डब्यात पितळ सापडलं. आणखी काय हवंय तुम्हाला, बिल?" पण जाऊ दिलं.

मी मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत गेले. गोणपाट अंथरून बायका गोल बसल्या होत्या. मधोमध डबे, ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं. कोणाची मेथी, कोणाचं पिठलं. मला बघून त्या सरकल्या, जागा केली. "मॅडम, ठेचा घ्या की. तिखट हाय, पाणी जवळ ठेवा." खोटं कशाला सांगू, मला त्या बायका आवडल्या. आपल्या बहिणी-भावजया असतात तशाच होत्या. म्हणून तर पुढचं जड जातं.

मी विचारलं, "ती कुठे बसायची?"

एकीने हनुवटीने दाखवलं, पाण्याच्या टाकीपाशी. दुसरी म्हणाली, "आम्ही न्हाई हो तिला घालवलं. तिचं तीच गेली. मोठ्या माणसांनी आमच्यात कशाला बसावं?"

"मोठी?"

"मग! इन्स्पेक्टरीणबाई ना त्या! आम्ही इचारायचो, बाई, पाण्याचा गिलास सुरक्षित हाय का, जरा तपासून द्या." सगळ्या हसल्या. हसताना एक जण मात्र खाली बघत होती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. डाव्या हाताने भाकरी तुटत नव्हती, शेजारची तिला तुकडे करून देत होती.

तेवढ्यात त्या ठेच्यावालीने, जणू शेवटचा खिळा ठोकायचा म्हणून, सांगितलं, "मॅडम, ती आपल्यातली नव्हतीच कधी. बुद्धाचं करतात त्या लोकांतली. खंडेनवमीला आम्ही मशिनींची पूजा करतो, ती कधी उभी राहिली न्हाई. देवाच्या खोलीत तिनं पाऊल टाकलं न्हाई कधी."

जेवण झाल्यावर मी देवाची खोली दाखवा म्हटलं. स्टोअरलगत एक अरुंद खोली, तिच्या भिंतीत कोनाडा, त्याला काचेचं दार आणि कुलूप. आत देवीचा फोटो आणि एक ताट. ताट रिकामं, पण हळद-कुंकवाने माखलेलं. स्टोअरवाला म्हणाला, खंडेनवमीला प्रत्येक प्रेसवरचा त्या दिवशीचा पहिला तुकडा ताटात ठेवतात, हळद-कुंकू वाहतात, आणि तो वर्षभर तिथेच राहतो. पूजेचा माल, तो हिशेबात धरत नाहीत.

"मग आता कुठे आहे?"

"दसऱ्याला तर इथेच होता," तो म्हणाला.

इथे मला आमचं पोलीस ठाणं आठवलं. दसऱ्याला आम्हीही शस्त्रपूजन करतो. रायफलींवर मनापासून हळद-कुंकू वाहतो, आणि मग पुढचे किती तरी दिवस खाचांतून ते कोरत बसतो. शिपाई असताना हे काम माझ्याच गळ्यात पडायचं. जुन्या दात घासायच्या ब्रशने घासलं तरी खाचेत पिवळं राहतंच, आणि पिवळ्यात बारीक लाल कण. परत येऊन पंचांना बोलावलं, सील उघडलं, तुकडे उन्हात धरले. पिवळ्यात लाल होतं. वरणात हळद असते हो, कुंकू नसतं.

म्हणजे माल पूजेच्या ताटातला. ज्याला प्रेसवरचा तुकडा उचलायचा नव्हता, कारण तो मोजला जातो, त्याने देवासमोरचे उचलले. आणि ज्या बाईने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही असं तिच्या सोबतिणींनीच मला छाती ठोकून सांगितलं, तिच्याकडे ते सापडले. टोमणा मारायला गेल्या आणि तिची सुटका करून बसल्या.

कोनाड्याची किल्ली कोणाकडे असते? बोटं गेल्यावर प्रेस चालवता येईना, म्हणून कंपनीने ताईला दिवाबत्ती, झाडलोट आणि चहाचं काम दिलं होतं.

ताईला चौकीत बोलावलं. कोठडीजवळ नेलं नाही, बाहेरच्या बाकावरच बसवलं, चहा दिला. तिने ग्लास डाव्या हाताने धरला. मी पाकिटातला एक तुकडा पुढे ठेवला आणि गप्प बसले. माणूस आरोपाशी भांडतो, शांततेशी त्याला भांडता येत नाही.

तुकड्याकडे बघत ती म्हणाली, "कंपनीतले साहेब म्हनले, ट्यूब तूच बांधली व्हतीस ना? मग नुकसानभरपाई कशाची? केस चालली तर तुझीच चूक निघंल, हे काम पन जाईल. मी काय करू बाई? ही बया मधी पडली नसती तर माझं नीट चाललं असतं."

"ती तुझ्यासाठीच बोलली ना?"

"मी सांगितलं व्हतं का तिला, बोल म्हनून?"

मी विचारलं, "कोणी करायला लावलं तुला हे?"

"कोनी न्हाई लावलं. पन सगळ्यांना ठावं व्हतं. एक दारात उभी राहिली. एकीनं फोन केला. बाकीच्यांनी तोंडं फिरवली."

"आणि खालचाच कप्पा का? वरच्यात घातलं असतं तर तिला जेवतानाच कळलं असतं. खालचा ती उघडत नाही, हे तुला कसं माहीत?"

तिने चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "तो कप्पा माझा व्हता," ती म्हणाली.

बोटं गेल्यावर ताईला भाकरी तोडता येत नव्हती. तेव्हा वऱ्हाडीण खालच्या कप्प्यात तिच्यासाठी वेगळं आणायची, मऊ भात, कधी कढी-खिचडी, चमच्याने खाता येईल असं. सह्यांचं प्रकरण झालं आणि ताईने तिच्याशेजारी बसणं सोडलं. त्यानंतर तो कप्पा रिकामाच यायचा. हे त्या दोघींखेरीज कोणाला माहीत असणार?

वऱ्हाडणीला मी हे सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा डोळे पुसले. मी म्हटलं, "अगं, रिकामाच होता तर रोज कशाला वागवायचीस?"

"एखाद्या दिवशी येऊन बसली असती," ती म्हणाली, "तं माझ्यातलं अर्धं कशात काढून दिलं असतं तिले?"

पुढचं सरकारी कामकाज. जबाब झाले, गुन्हा खोटा असल्याचा अहवाल कोर्टात गेला, तिच्यावरचा डाग पुसला गेला. ताईवर कारवाई करायची का, यावर वर बरीच चर्चा झाली. वऱ्हाडणीने लिहून दिलं, माझी तक्रार नाही. कंपनीने मात्र ताईला काढून टाकलं, देवासमोरचा माल चोरला म्हणून! ज्या साहेबाने तिला भीती घातली होती, त्याचं नाव कोणाच्याही जबाबात आलं नाही. बायका म्हणाल्या, आम्ही काही ऐकलं नाही.

वऱ्हाडणीला कामावर परत घेतलं. पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. म्हटलं, वर्दी बघून तरी सरकतील. जेवणाच्या सुट्टीत ती त्या गोलाजवळ जाऊन उभी राहिली. माझ्यासाठी क्षणात जागा करणाऱ्या त्याच बायका. डबे उघडे होते, मेथीचा वास येत होता. कोणी शिवी दिली नाही, कोणी टोमणा मारला नाही. कोणी सरकलंही नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि टाकीकडे गेली. निघताना मी प्रेसकडे नजर टाकली. बटणावर ट्यूब होती, नवी, काळी कुळकुळीत. मी निरीक्षकांच्या कार्यालयात कळवलं. ते येईपर्यंत ट्यूब निघाली, ते गेल्यावर बांधली असेल. वऱ्हाडीण महिनाअखेरीला काम सोडून गेली.

काम सोडल्यावर मुद्देमाल सोडवायला ती ठाण्यात आली. पोचपावतीवर सही केली, डबा हातात घेतला. मग कडी काढली, खट्. वरचे दोन कप्पे पिशवीत टाकले आणि खालचा माझ्या टेबलावर ठेवला.

"हा राहू द्या मॅडम. आता लागत नाही."

पिशवी उचलून ती गेली. निर्दोष असल्याचा कागद मी तिला मिळवून दिला होता. पण गोणपाटावर हातभर जागा मिळवून देणारं कलम कुठल्याच पुस्तकात नव्हतं, मी शोधलं असतं तरी सापडलं नसतं. त्या प्रकरणाने मला इतकंच शिकवलं, की खरं बोलणाऱ्याला आधी साहेब नाही, सोबतचे लोक एकटं पाडतात, आणि ते वाईट असतात म्हणून नव्हे, घाबरलेले असतात म्हणून. घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नसतो.

तो कप्पा मी टाचण्या आणि पेनं ठेवायला वापरला. निवृत्तीच्या थोडं आधी, त्याच भागातल्या एका काचेच्या इमारतीत काम करणारी मुलगी माझ्याकडे आली. मजल्यावरच्या जिन्याचं दार कायम कुलूपबंद असतं, आग लागली तर जायचं कुठून, असं तिने ऑफिसात सगळ्यांना मेल करून विचारलं होतं. आता तिच्या गाडीच्या टायरमधली हवा रोज कोणीतरी सोडत होतं. फाडफाड इंग्रजीत सांगत होती, आपण एकदम स्ट्राँग असल्यासारखी.

मी तिला एकच विचारलं, "बेटा, जेवतेस कोणाबरोबर?"

ती एकदम मराठीवर आली. "आधी टीमबरोबर," ती म्हणाली. "आता... डेस्कवरच मॅनेज करते, मॅम."

मी माझा डबा काढला, तिच्यासमोर सरकवला, आणि त्या जुन्या कप्प्यातून पेन घेऊन तिची तक्रार लिहायला बसले.