तिसरी यादी

आईची बायपास नोव्हेंबरात ठरली, तेव्हा माझ्या रजेचे चार दिवस उरले होते. इंगोलश्टाटजवळच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या दरवाज्यांची कुलुपं बनत. दर ऑगस्टमध्ये कंपनी तीन आठवडे बंद राहायची, आणि ते तीन आठवडे आमच्याच रजेतून कापले जायचे. ज्याचं घर वीस किलोमीटरवर आहे त्याला काय! तो तळ्यावर जाऊन उन्हात पडतो. माझं घर नागपूरच्या पुढे होतं.

मी आधी बेट्रीब्सराटच्या अध्यक्षाकडे गेले. बेट्रीब्सराट म्हणजे कामगारांनी मतं देऊन निवडलेली समिती. रजा, पाळ्या, ओव्हरटाइम, कशातही तिच्या सहीशिवाय कंपनीला पान हलवता येत नाही. समितीवर दोन याद्या होत्या. एक युनियनची, एक ‘स्वतंत्र’ म्हणवणाऱ्यांची, म्हणजे खरं तर साहेबांच्या मर्जीतल्यांची. अध्यक्ष युनियनचा होता. त्याने मुठीवर तपकीर घेतली, ओढली, आणि म्हणाला, “नियम सगळ्यांना सारखा. तुझ्यासाठी मोडला तर उद्या तुर्कीवाले रांग लावतील.”

मग मी स्वतंत्रांच्या प्रमुखाकडे गेले. तो खरेदी विभागात होता, फार गोड बोलायचा. “असले विषय वैयक्तिक असतात,” तो म्हणाला. “नियमात कशाला अडकवायचे? साहेबांशी बोल. माणूस चांगला आहे.”

साहेबाने बिनपगारी तीन दिवस दिले. त्याने ते ज्या चेहऱ्याने दिले, तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. येण्याजाण्याचे वगळून मला दहा दिवसही मिळाले नाहीत. शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे ढकलली गेली, आणि आईला अतिदक्षता विभागातून बाहेर आणायच्या आत माझं परतीचं विमान होतं. काचेतून तिचे पाय दिसले, तेवढेच.

दवाखान्याच्या बाकावर बाबा शेजारी बसले होते. मी रागाने सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “तुमच्या कंपनीत निवडणूक असते ना? उभी राहा.”

मी त्यांच्यावरच उखडले. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. जन्मभर ते आमच्या तालुक्यात एका छोट्या पक्षाचं काम करत आले. निळे झेंडे, भिंती रंगवणं, आणि दर वेळी डिपॉझिट जप्त. त्या पक्षाचे दोन झाले, दोनांचे चार, आणि प्रत्येक तुकड्याचा पुढारी कुठल्या ना कुठल्या मोठ्या पक्षाच्या मांडीवर जाऊन बसला. शाळेत मुली विचारायच्या, तुझे बाबा या वेळी किती मतांनी पडले? ते तर उमेदवारही नसायचे. तरी मला मान खाली घालावी लागायची.

“काय मिळालं तुम्हाला बाबा? आयुष्य गेलं तुमचं त्या तिसऱ्या पक्षात!”

“मला नाही मिळालं काही,” ते म्हणाले. “पण वस्तीत नळ आला ना. आम्ही उभे राहायच्या आधी दोन्ही मोठे पक्षवाले यायचे, हात जोडायचे आणि जायचे. त्यांना माहीत होतं, हे लोक जाऊन जाऊन जाणार कुठं? तुझ्या त्या दोघांनाही तेच माहीत आहे.”

मला ते पटलं नव्हतं, आणि तिथे आईचे पाय दिसत होते.

परत आले ती मात्र पेटूनच. जर्मनीत राहून मला सहा वर्षं झाली होती. कर भरत होते, पण देशाच्या निवडणुकीत मत नव्हतं. बेट्रीब्सराटला मात्र मत होतं. तिथे पासपोर्ट विचारत नाहीत. उभंही राहता येत होतं. कायद्याचं पुस्तक मी शब्दकोश घेऊन वाचलं. नवी यादी द्यायची तर पंचेचाळीस सह्या लागणार होत्या.

यादीत दुसरी आली ती असेंब्लीच्या लाइनवरची तुर्की बाई. तिला सगळे आब्ला म्हणत. तुर्कीत ताईला आब्ला म्हणतात. बावीस वर्षं ती त्याच लाइनवर स्प्रिंगा बसवत होती. वडील वारले तेव्हा तिला वेळेवर गावी पोचता आलं नव्हतं. तिने मला एकच विचारलं, “तू मध्येच सोडून जाणार नाहीस ना? तुम्ही इंजिनियर लोक नोकऱ्या बदलता.” नाही म्हटलं, तर तिने तिथल्या तिथे सही केली आणि चार दिवसांत लाइनवरून वीस सह्या आणून दिल्या.

बावन्न सह्या झाल्या. आणि मग अध्यक्षाची माणसं फिरायला लागली. नियम असा की एका माणसाची सही एकाच यादीला. आमच्या आठ लोकांकडून त्यांनी आपल्या यादीवरही सह्या घेतल्या, काहींकडून तर कॉफीच्या मशीनपाशी, कागद भिंतीला टेकवून. मग निवडणूक घेणाऱ्या मंडळाने त्या आठांना विचारलं, कुठली सही ठेवायची? सहा जणांनी आमची काढली. आम्ही शेहेचाळीसवर आलो. आणखी दोन गेले असते तर यादीच बाद.

त्या सहांत पुण्याचा एक इंजिनियर होता. आमच्या घरी जेवून गेलेला, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला फुगे फुगवलेला. मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं.

“का काढलीस सही?”

“अहो, आपण इथे पाहुणे आहोत. कशाला उगाच डोळ्यांवर यायचं? आणि मतं फोडून फायदा त्या दुसऱ्यांचाच होणार.” मग गाडीचं दार उघडता उघडता हसून म्हणाला, “तुमचं ठीक आहे. तुमच्याकडे मोर्चे, झेंडे वगैरे घरातूनच येतं ना.”

तुमच्याकडे. साडेसहा हजार किलोमीटर दूर येऊन हा शब्द ऐकायचा होता. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलले ते चांगल्या मराठीत बोलले, आणि तो पुन्हा आमच्या घरी आला नाही.

‘मतं फोडता’ हे तर दोन्ही बाजूंनी ऐकलं. अध्यक्ष म्हणाला, तू साहेबांना जिंकून देणार. खरेदीवाला म्हणाला, तू युनियनला जिंकून देणार. मी दोघांनाही विचारलं, मग रजेचा मुद्दा तुम्ही तुमच्या यादीत घ्या, मी आज माघार घेते. दोघेही म्हणाले, जा, जा, निवडणुकीनंतर बघू.

वसंतात निवडणूक झाली. तेरा जागा. त्यांना सहा, यांना सहा, आम्हाला एक.

आब्लाने मला लाइनवरच मिठी मारली, स्प्रिंगांचं तेल माझ्या शर्टाला लागलं. मी दोन दिवस हवेत होते. सहा आणि सहा! अध्यक्ष निवडायला माझं मत लागणार होतं. मी रजेचा ठराव लिहून तयार ठेवला. ऑगस्टमध्ये कंपनी तीन आठवड्यांऐवजी एकच आठवडा बंद, आणि दूरवर घर असलेल्यांना सलग पाच आठवडे घेता यावेत. बाबांना फोन केला, तर ते पलीकडे कुणाला तरी ओरडून सांगत होते, “पोरगी निवडून आली जर्मनीत!” आई मागून विचारत होती, किती मतांनी?

पहिल्या बैठकीत दोन्ही प्रमुख शेजारीशेजारी बसले होते. मतदान पाच मिनिटांत आटोपलं. अध्यक्षपद युनियनला, उपाध्यक्षपद स्वतंत्रांना, बारा विरुद्ध एक. महिनाभर एकमेकांना साहेबाचे चमचे आणि संपखोर म्हणणारी ही माणसं! आदल्याच वर्षी बर्लिनमध्ये दोन मोठे पक्ष उन्हाळाभर भांडून शेवटी एकत्र सत्तेत बसले होते. ते टीव्हीवर बघून आमच्या कँटीनमध्ये हेच लोक हसले होते.

माझा ठराव ‘अन्य विषय’ या शेवटच्या कलमात ढकलला. “वेळ संपला,” अध्यक्ष म्हणाला. “पुढच्या वेळी.” खरेदीवाला म्हणाला, “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर. पुढच्या वेळी पुन्हा वेळ संपला. तिसऱ्या वेळी मी उठून उभी राहिले. माझं जर्मन रागात मोडतं, क्रियापदं नको तिथे जातात, आणि एक जण माझ्या चुकीवर हसला. मी म्हटलं, हसा, पण आधी मत नोंदवा, आणि कुणी कुठल्या बाजूने दिलं ते नावानिशी इतिवृत्तात लिहा. बारा विरुद्ध एक. लिहून घेतलं. आब्लाने ती बातमी तिन्ही पाळ्यांत पोचवली. कोणी हात वर केला, कोणी केला नाही, सगळं नावानिशी.

दर बैठकीत मी तोच ठराव मांडला. पावणेदोन वर्षं. लोक मला बघून घड्याळाकडे बघायचे. घरी नवरा म्हणायचा, पुरे कर आता, झोपेत पण बडबडतेस. खोटं कशाला सांगू, मला त्या कामात गोडी राहिली नव्हती. राहिला होता तो फक्त राग. त्याच्यावरच मी त्या खोलीत जात होते.

पण लाइनवर वारं फिरलं होतं. युनियनच्या सभेतच लोक उठून विचारायला लागले, आमच्या माणसाने विरोधात हात का वर केला? पुढची निवडणूक दोन वर्षांवर आली, आणि एका सकाळी सूचनाफलकावर पत्रक लागलं. ऑगस्टमध्ये कंपनी आता दीडच आठवडा बंद, आणि सलग पाच आठवड्यांची रजा मागता येईल. खाली युनियनचं चिन्ह. ‘आम्ही करून दाखवलं.’ मजकूर माझ्याच ठरावाचा होता, एका वाक्यातली माझी व्याकरणाची चूकसुद्धा तशीच.

मी ते पत्रक घेऊन अध्यक्षाच्या टेबलावर आपटलं. तो हसला. “तुला हवं होतं ते मिळालं ना? मग कशाची चिडचिड?”

मी पत्रक उचललं आणि दार आपटून बाहेर पडले. बाबा फोनवर म्हणाले, नळाच्या उद्घाटनाला आम्हालाही बोलावलं नव्हतं.

२०१०च्या निवडणुकीत युनियनने आब्लाला आपल्या यादीत तिसरी जागा देऊ केली. ती मला विचारायला आली, हात पुसत, खाली बघत. मी चिडले. म्हटलं, तूच मला विचारलं होतंस, मध्येच सोडणार नाहीस ना म्हणून. ती म्हणाली, “मला पुढची आठ वर्षं इथेच काढायची आहेत. तिथे गेले तर मी नक्की निवडून येते. तुझ्याबरोबर उभी राहिले तर तू येतेस.”

ते खरं होतं. ती गेली, आणि निवडून आली. तिच्याशिवाय मला लाइनवरून सह्या मिळेनात. छत्तीसवर अडकले. यादी भरलीच गेली नाही.

त्या वर्षी समितीत पुन्हा दोनच याद्या बसल्या. शरदात रात्रपाळीचा भत्ता कमी करण्याचा ठराव आला आणि एकमताने, कुणीही नाव न विचारता, मंजूर झाला. आब्लानेही हात वर केला होता. मला ते तिनेच येऊन सांगितलं.