मायच्या कुरड्या अन् स्वस्तातले पॅनल

मंडळी, आज दुपारी मोबाइलवर पाहिलं, तर आमच्या सोलरची वीज एकदम अर्ध्यावर! छतावर पळालो. माय पॅनलवर जुनं लुगडं अंथरून कुरड्या वाळू घालून राहिली होती.

"माय, इथं कावून?"

"मंग कुठं घालू? जागा ठेवली का तुनं?"

खरं आहे. महागाचे पॅनल अर्ध्या छतात मावले असते. मी स्वस्तातले घेतले, तर तेवढ्याच विजेसाठी सारं छत भरलं. कॅम्प-१ वस्तीतल्या आमच्या घराले अंगण नाही. मायले मोकळं बसायला छतच होतं.

कुरड्या उचलून ती खाली गेली. तेव्हापासून खोलीत बसून आहे, फुकटच्या पंख्याखाली.

पॅनलची गॅरंटी पंचवीस वर्षांची आहे. माय सत्तरीची आहे. सांगा, आता काय करू?