पाटलाचा बोकड आणि माझा शुक्रवार

"आमच्या हातचं खायचं नाई, अन् आमच्या पोराईले हात लावतो? चल, उठ इथून! पेटी उचल तुही!"

लालसू पाटील असा ओरडला की समोरच्या डोंगरावरची माकडं दोन झाडं मागे सरकली. मी त्याच्या अंगणात चिखलात उभा. हातात पानांचा द्रोण, द्रोणात बोकडाचं वाफाळतं मटण, आणि तोंडाला सुटलेलं पाणी लपवण्यासाठी मिशी नाही. वार शुक्रवार.

आता हे सगळं कसं झालं ते सांगतो, कारण पुढची पिढी माझ्यावर विश्वास ठेवत नाही.

पन्नाशीच्या दशकात मी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, टोचणीवाला होतो. सरकारी कागदावर 'व्हॅक्सिनेटर', गावात 'देवीचा डाक्टर'. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच, आणि त्यातला निम्मा माझ्या पायांखालून गेलेला. मूळचा मी वसईचा, कॅथलिक. ज्या मुलखात मी फिरायचो तिथे माझ्या धर्माचा दुसरा माणूस शोधायचा तर वाघालाच बाप्तिस्मा द्यावा लागला असता.

त्या वर्षी वसईला सुट्टीवर गेलो असताना एका फादरांनी प्रवचनात सांगितलं की पवित्र होणं ही फक्त संतांची आणि सिस्टरांची मक्तेदारी नाही. पोराबाळांच्या, नोकरीधंद्याच्या माणसानंही पवित्र व्हायचं असतं. मी सरकारी माणूस. मला तो सर्क्युलरच वाटला. ठरवलं, व्हायचं! पण जंगलात व्हायचं कसं? मिस्सा, आमची रविवारची मोठी प्रार्थना, नाही. कुमसार, म्हणजे पापांची कबुली, ऐकायला फादर नाहीत. देऊळ, आमचं चर्च, तीन दिवसांच्या वाटेवर. हाताशी उरला एकच नेम: शुक्रवारी मांस खायचं नाही. आमचा प्रभू शुक्रवारी मेला म्हणून. त्या शुक्रवाराला मी घोरपडीसारखा चिकटलो.

ऑगस्टमध्ये खबर आली की आलापल्लीपासून दोन दिवसांच्या चालीवर असलेल्या एका गावात देवी निघाल्या. दोन पोरं गेली. नाल्याच्या अलीकडचं लालसू पाटलाचं गाव अजून कोरडं होतं. हेल्थ ऑफिसर साहेबांनी मला आलापल्लीच्या कॅम्पवर उभं केलं.

"आजच पोचा."

"साहेब, दोन दिवसांची वाट आहे. पाऊस आहे. नाले भरलेत."

"मग परवा पोचा. परवा पंधरा ऑगस्ट. टोचण्याही करा आणि झेंडाही लावा."

हातात कागदी झेंडा दिला. पहिल्याच नाल्यात तो खिशात विरघळला आणि पुढचा सगळा प्रवास मी तिरंगी सदऱ्यात केला. रस्त्यात दोन म्हाताऱ्यांनी मला नमस्कार केला.

लस तेव्हा काचेच्या बारीक नळ्यांत यायची. गरमी लागली की मरते. नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात, मडकं लक्ष्मणच्या डोक्यावर. लक्ष्मण म्हणजे माझा शिपाई, नागभीडकडचा ढिवर, मासेमारांच्या घरचा. पाण्यात मगरीसारखा, जमिनीवर वकिलासारखा. मी हिशेब केला होता: लस शुक्रवारपर्यंत टिकेल, शनिवारी तिच्यात आणि ताकात फरक राहणार नाही. म्हणजे लालसूच्या गावातली पोरं शुक्रवारीच टोचायची, नाहीतर नाल्यापलीकडची देवी येऊन काय ते करेल.

आणि त्या गावाची रीत अशी, की परका माणूस आधी गावाच्या हातचं जेवेल, मग गावाच्या पोरांना हात लावेल. रीत वाईट नाही. जो आपलं अन्न खात नाही त्याच्या हातातलं हत्यार लेकराच्या दंडावर कोण फिरवू देईल? मीसुद्धा दिलं नसतं. पण लालसूने आम्हाला टेकडीवरून येताना पाहिलं आणि आम्ही पोचेपर्यंत बोकड कापून, शिजवून मोकळा झाला. त्याची चार वर्षांची नात होती, तिच्यासाठी त्याने गोठ्यातला एकुलता एक बोकड कापला होता. नातीला टोचून घ्यायला तो तयारच होता. अडलं होतं माझ्या घशात.

लक्ष्मणने मला कोपऱ्यात घेतलं.

"पास्कलभाऊ, डोळे मिटा अन् खाऊन घ्या. बकऱ्याले का मालूम आज कोन वार हाये!"

"मला मालूम आहे ना!"

"मंग मले द्या. मी दोघाईचं खातो."

"तू दोघांचं टोचणार आहेस का?"

"अरे देवा," म्हणत लक्ष्मण धोतर खोचून नाल्याकडे गेला. अर्ध्या तासात दुपट्ट्यात बोटभर तीन मासे घेऊन आला. "मासा चालते ना तुमच्या देवाले? घ्या!"

ही युक्ती चांगली होती, फक्त ती पाटलाच्या डोळ्यांसमोर केली. लालसूने आधी मासे पाहिले, मग मला, मग आपला बोकड.

"माह्या बकऱ्याले टाकून नाल्यातली मासोळी खातं का हा?"

"पाटील, आज मला मांस चालत नाही."

"मासोळीत मांस नाई?"

"मासा वेगळा."

"त्याले जीव नाई?"

"आहे, पण..."

"रगत नाई?"

गेली साठ वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर शोधतोय. मोठमोठ्या फादरांनी मला ते लॅटिनमधून समजावलंय. त्या अंगणात मी नुसता द्रोणाकडे बघत राहिलो. तेव्हाच लालसू ओरडला आणि माकडं सरकली, ते तुम्हाला सांगितलंच.

बायका पोरांना घेऊन घरात शिरल्या. दारं लागली. मडक्यातली लस घटकेघटकेला मरत होती. मी टोचणीच्या हत्यारांच्या पेटीवर बसलो आणि मनात देवाशी भांडलो. म्हटलं, एवढ्या मोठ्या जंगलात तुझा एक माणूस, त्याला एक नेम, आणि नेमका तोच पोरांच्या जिवावर उठलाय! खाऊ का? द्रोण तोंडापर्यंत नेलासुद्धा. खरं सांगतो, नेला. पण आतून असा हट्ट उठला की हात थांबला. तो विश्वास होता की नुसता वसईकरांचा अडेलपणा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

लालसू समोर येऊन उकिडवा बसला. आवाज खाली आला होता.

"शुक्करवारी काऊन नाई?"

"त्या दिवशी आमचा देव मेला."

आतल्या दाराची फट थोडी उघडली.

"कोनी मारलं?"

"राजाच्या शिपायांनी. लाकडावर खिळे ठोकून."

"नाकेदारानं?" नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा गार्ड. लालसूच्या मते लाकूड आणि शिपाई एकत्र आले की दुसरं कोण असणार!

"तसलेच कोणी."

"किती दिस झाले?"

इथे मी चाचरलो. "एकोणीसशे वर्षं."

लालसूने आ वासला. लक्ष्मणने कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं, आता पेटीसकट नाल्यात. पण लालसूने मांडीवर थाप मारली.

"सुतक हाये म्हन ना मंग! येड्या, बकरा कापाच्या आदी सांगाले का झालं होतं तुले?" आणि उठून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "पाव्हन्याच्या घरी सुतक हाये. आज गावात कोनी मटन खानार नाई!"

"पाटील, तुम्ही खा हो! सुतक माझं आहे!"

"तू सुतकात बसशीन अन् आमी तुह्या समोर हड्डी चोखू? लाज नाई का आमाले?"

दारं उघडली. सगळं गाव बाहेर आलं आणि माझ्याकडे बघू लागलं. अस्वलाने माझ्याकडे दोनदा रोखून पाहिलंय. त्यात जास्त माया होती. बोकडाचं भांडं चुलीवरून उतरवून बाजूला झाकून ठेवलं. मला भात आणि वास्त्यांची भाजी वाढली. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. मी खाल्लं, गावानेही तेच खाल्लं. लक्ष्मण माझ्या शेजारी बसून भाताचा एकेक घास असा गिळत होता जणू मीच त्याच्या बापाला मारलं.

मग टोचणी. दंडावर लसीचा थेंब, त्यावर हत्यार हलकेच फिरवायचं, कातडी नुसती खरवडायची, रक्त येऊ द्यायचं नाही. लालसूने नातीला स्वतः मांडीवर घेतलं. पोरं भोकाड पसरून रडली. निम्मी हत्याराला भिऊन, निम्मी मटणाच्या वासाने. शेवटची नळी शेवटच्या पोरावर संपली. आम्हाला उजेडातच नाला ओलांडायचा होता, म्हणून बोकडाला हातही न लावता निघालो.

रविवारी आलापल्लीला पोचलो तर एका रेंजरच्या पडवीत मिस्सा! दोन-तीन महिन्यांतून एकदा येणारे फादर आले होते. मी छाती फुगवूनच कुमसाराला गेलो.

"फादर, शुक्रवार पाळला. जिवावर बेतलं, पण पाळला."

"कुठला शुक्रवार?"

"परवाचा."

"परवा पंधरा ऑगस्ट होता."

"हो ना, झेंडा विरघळला."

फादरांनी डोळे मिटले. "पास्कल, पंधरा ऑगस्ट मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. एवढा मोठा सण शुक्रवारी आला की मांसाचा नेम त्या दिवशी सुटतो. तू खायला हवं होतंस."

झाकून ठेवलेलं बोकडाचं भांडं माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"मरियामातेची एखादी प्रार्थना तरी केलीस का सणाची?"

मला तिची आठवणसुद्धा झाली नव्हती. सगळा दिवस मी बोकडाचंच चिंतन करत होतो.

"पवित्र व्हायला निघालास तर खिशात कॅलेंडर ठेवत जा," फादर म्हणाले. "आणि प्रायश्चित्त म्हणून त्या पाटलाला जाऊन खरं सांग."

जायचं होतंच. टोचणी 'उठली' की नाही, म्हणजे दंडावर फोड आला की नाही, हे सातव्या दिवशी पाहावं लागतं. सातवा दिवस पुन्हा शुक्रवार. दोन दिवस चिखल तुडवताना मी भाषण पाठ केलं, आणि एक धडाही शिकलो: आपल्या नेमाची किंमत आपण भरतो असं वाटतं, पण बहुधा ती शेजारच्याच्या ताटातून जाते.

लालसू अंगणात दोर वळत बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सुतक नव्हतं. उलट सण होता. मी खाल्लं असतं तर चाललं असतं, गावानेही खाल्लं असतं तर चाललं असतं. चूक माझी.

त्याने दोराला शेवटचा पीळ दिला.

"शनवारी बी चांगलाच लागला बकरा," तो म्हणाला. "पोराईचे हात पाह्य."