चौथ्या मजल्यावरचा पाहुणा

बेपत्ता माणसांच्या किती नोंदी हाताखालून गेल्या ते आता आठवत नाही. पण नेरे गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची नोंद मात्र अजून विसरलेलो नाही.

मी तेव्हा पनवेलला निरीक्षक होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेला हा माणूस सकाळी घरातून निघाला तो परतलाच नाही. मुलाने मिसिंगची तक्रार दाखल केली. आम्ही विहिरी, दवाखाने पालथे घातले, एस.टी. स्टँडवर फोटो चिकटवले. जमीन मोक्याची, म्हणून माझा संशय मुलावरच होता. दोनदा बोलावून कसून चौकशी केली. तो नुसता रडायचा.

आठव्या दिवशी करंजाची एक मासळीवाली ठाण्यात आली. मुंबईत बँका आणि बड्या कंपन्यांच्या भागात एक छोटे पण अतिशय महागडे बुटीक हॉटेल आहे, तिथे ती मासळी पुरवायची. तिथल्या आचाऱ्याने तिच्याकडे सुका जवळा मागितला होता. नेऱ्याचा कुणी म्हातारा पाहुणा दुसरे काही खातच नाही म्हणे. स्टँडवरचा फोटो तिने पाहिलेला.

"साहेब, त्या हाटेलात जवला कोन खात नाय," ती म्हणाली. "ह्यो मानूस आपलाच हाय."

मी स्टेशन डायरीत नोंद केली, तिथल्या पोलीस ठाण्याला कळवले आणि एका महिला हवालदाराला घेऊन साध्या वेशात निघालो. मॅनेजरने रजिस्टर दाखवले. चौथ्या मजल्यावरची एक खोली पनवेलच्या एका जमीन एजंटच्या नावावर होती, सोबत 'काका'. एजंट रोज अकराला येई. त्याच्या हातात काय असते ते आम्हाला पाहायचे होते, म्हणून समोरचीच खोली घेतली. बाकावर पाठ टेकून नोकरी काढलेला मी; त्या मऊ गादीवर बसायलाही संकोच वाटला. दार किंचित उघडे ठेवून उभाच राहिलो.

हवालदारबाई सफाईच्या मुलीबरोबर चादरी घेऊन आत गेल्या. पाच मिनिटांत परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पार बदलला होता.

"सर, आजोबांनी मला सिस्टर म्हटलं. डॉक्टर कधी येणार, विचारतायत. त्यांना हे हॉस्पिटल वाटतंय."

मी पुन्हा दाराच्या फटीतून पाहिले. पांढऱ्या चादरी, गणवेशातली माणसे, हळू आवाजात तब्येतीची विचारपूस, वेळेवर जेवण. धूसर दिसणाऱ्या माणसाला यापेक्षा वेगळे काय वाटणार?

अकराला एजंट आला. सोबत दोन माणसे, हातात फाइल. आम्ही पंचांसह मागोमाग आत शिरलो. फाइलमध्ये जमिनीचे कुलमुखत्यारपत्र होते आणि म्हातारा शाईच्या पॅडवर अंगठा टेकवत होता. मी त्याचे मनगट धरले.

एजंट अजिबात डगमगला नाही. काका स्वखुशीने आले, कुणी कोंडलेले नाही, दार उघडेच आहे, असे त्याने शांतपणे सांगितले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. म्हाताऱ्याशेजारी बसलो.

"बाबा, तुम्ही आता कुठे आहात?"

"डोल्यांच्या हास्पिटलात," तो म्हणाला. "ह्या कागदावर अंगठा दिला का उद्या आपरेशन."

एजंटने मान खाली घातली. पुढचा जबाब त्याने न विचारता दिला. घरी सांगू नका, नाहीतर मुलगा ऑपरेशन पुन्हा पुढे ढकलेल, असे त्यानेच म्हाताऱ्याला पटवले होते, आणि कागद तयार होईपर्यंत तपासण्या चालल्याचे सांगून इथे ठेवले होते.

म्हाताऱ्याला खरे काय ते सांगावे लागले. जमीन वाचल्याचे त्याला काहीच वाटले नाही. त्याने एवढेच विचारले, "मंग माजा डोला?"

गुन्हा दाखल झाला, एजंट आणि त्याचे साथीदार गजाआड गेले. मुलाने त्याच आठवड्यात बापाचे ऑपरेशन करून घेतले. दोन वर्षे बाप मागे लागला होता, आणि बांधकाम होऊ दे, लग्न होऊ दे, असे आपण म्हणत राहिलो, हे त्याने माझ्यासमोर कबूल केले. म्हाताऱ्याचे गाऱ्हाणे पूर्ण ऐकून घेणारा पहिला माणूस तो ठग होता.

त्यानंतर मिसिंगची तक्रार आली की उंची, रंग, कपडे लिहून घेण्याआधी मी घरच्यांना एकच विचारायचो: ते तुमच्याकडे काय मागत होते? शोध तिथूनच सुरू व्हायचा.