फक्कीच्या भिंती

लग्न होऊन मी गावात आले ती थेट पालिकेच्या चाळीत. नवरा रस्त्यावरचे कंदील लावायचा, म्हणून खोली मिळालेली. शेजारी भिस्तीण. तिचा नवरा पखालीने रस्त्यांवर पाणी मारायचा. ती पडद्यातली, मी तोंडाळ. तरी मागच्या परसात आमचं छान जमलं. तिथे आम्ही मिरच्या वाळवायचो, भांडी घासायचो आणि सगळ्या चाळीची उणीदुणी काढायचो.

मग चाळ पाडून नवी बांधायचं ठरलं. ओव्हरसियर नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, अंगठे करा. पुरुषांनी कागद उलटा-सुलटा पाहिला, माना डोलावल्या. मला असला राग आला! मी विचारलं, मागचं दार कुठे? तर म्हणे, पाठीला पाठ लावून दोन ओळी बांधायच्या आहेत, मागे दार नाही.

भिस्तीण आतून ऐकत होती. रस्त्याकडच्या दारात बसणं तिच्या घरात चालत नव्हतं. रडवेली होऊन मला म्हणाली, "मंग मी दिनभर खोलीमा कोंडाई जासू. त्यापेक्षा खांडबाराले मायकडे निंघी जासू."

या गावात माझं असं तेवढंच माणूस होतं. मी तशीच बाहेर आले.

"साहेब, कागदवर कोन ऱ्हास? भुईवर आखी दखाडा!"

नवऱ्याने कपाळाला हात लावला. पण ओव्हरसियर भला माणूस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चाळीपुढच्या पटांगणात चुन्याच्या फक्कीने एक खोली आखून दिली, पुढच्या दारापुरती जागा मोकळी सोडून.

आम्ही लगेच संसार मांडला. मी खाट आणली, ती जेमतेम बसली. भिस्तिणीने ओढणी नाकापर्यंत ओढून चूल आणून ठेवली. तिची सासू पानाचा डबा घेऊन कोपऱ्यात अशी बसली, जणू जन्मभर तिथेच राहत होती. समजावून सांगण्याच्या भरात ओव्हरसियर फक्की ओलांडून सरळ आत आला, तशी म्हातारी कडाडली, "ओ साहेब, भीतमाईन काय चालतस? दारमाईन या!"

साहेब चपापला. मागे फिरला, वळसा घालून दाराशी आला, बूट काढले आणि मग आत पाऊल टाकलं. कोणीही हसलं नाही. त्याने चुलीकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं आणि भिस्तिणीला विचारलं, "बाई, तुम्हाला दार कुठे हवं?"

पालिकेच्या माणसाने असं काही विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. भिस्तीण मागच्या रेषेपाशी गेली आणि पायाने दारापुरती फक्की पुसून टाकली.

ओव्हरसियर म्हणाला, "मागे दार हवं तर दोन ओळींमध्ये बोळ सोडावा लागेल. प्रत्येक खोली हातभर आखूड होईल. चालेल?"

सगळ्यांनी माझ्या खाटेकडे पाहिलं. हातभर गेल्यावर ती बसणार नव्हती. मी खाट उचलली आणि आडवी टाकली. दाराकडची निम्मी वाट अडली.

"चालेल," मी म्हणाले आणि अंगठा पुढे केला.

त्या खोलीत आत-बाहेर करताना माझी नडगी कितीदा खाटेला आपटली, देव जाणे. पण भिस्तीण खांडबाऱ्याला गेली ती फक्त माहेरपणाला, आणि दर वेळी चार दिवसांत परत आली.